गवळ्याची ओढाळ लेक

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा जनावरं माणसांशी बोलत, आणि माणसं अधूनमधून ऐकतसुद्धा. पोरांनो, तुम्ही ऐका. आणि पोरांच्या आईबापांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण ही सांगताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

एका नदीकाठी गवळ्यांची वाडी होती. नदीच्या मधोमध एक बेट होतं आणि बेटावर कंबरभर गवत. वाडीतली म्हसरं रोज नदी उतरून बेटावर चरायला जायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची.

त्या वाडीत एक रीत होती. एखादं वासरू ओढाळ निघालं, कळप सोडून उधळायला लागलं, की त्याच्या गळ्यात लोढणं अडकवायचं. लोढणं म्हणजे दोरीला बांधलेला लाकडाचा ओंडका. जनावर पळायला गेलं की तो त्याच्या गुडघ्यांवर आपटतो. चार दिवस गुडघे फुटले की जनावर पळणं सोडून देतं.

वाडीतल्या एका गवळ्याला एक लेक होती. लहानपणी मोठी गुणी. पहाटे उठायची, गाणी म्हणत धारा काढायची. पण वयात येऊ लागली तशी पोर बदलली. उठवलं तरी उठेना, एक बोललं की दोन ऐकवी. म्हसरं बेटावर सोडली की हातात काठी घेऊन तासन् तास पाण्यात इकडून तिकडे फिरत बसे.

"नुसती टंगळमंगळ!" गवळी ओरडायचा.

"अहो, वय आहे तिचं," आई म्हणायची. "जवळ बसवून विचारा तरी, पाण्यात काय करतेस म्हणून."

"विचारायचं काय त्यात? बाप मी आहे की ती?"

नाही विचारलं त्यानं. विचारलं असतं तर कळलं असतं, की ती नदी दर पावसाळ्यात आपली वाळू हलवते. गेल्या साली जिथं घोटाभर पाणी होतं तिथं यंदा डोह पडतो. पोर काठीनं तळ चाचपून उतार, म्हणजे चालत पार होता येईल अशी वाट, शोधत होती, म्हणून तर रोज सगळी म्हसरं सुखरूप घरी येत होती! गवळी मात्र वाडीत बसून दूध विकत होता आणि पोरीच्या नावानं बोटं मोडत होता.

एक दिवस एक रेडकू गाळात रुतलं. पोर धावली, छातीएवढ्या चिखलात शिरली आणि त्याला ओढून बाहेर काढलं. तेवढ्यात दोन म्हशी काठावरच्या शेजाऱ्याच्या जोंधळ्यात घुसल्या. शेजारी आला भांडायला.

पोर चिखलानं माखलेली, धापा टाकत सांगायला लागली, "आबा, रेडकू बुडत होतं, म्हणून मी..."

"तोंड वर करून बोलतेस? तुला एका जागी उभी राहा म्हणून सांगितलं होतं ना?"

आणि त्या माणसानं काय करावं? गोठ्यातलं लोढणं काढलं आणि पोटच्या पोरीच्या गळ्यात अडकवलं! हसू नका. वाडीतलं कुणी हसलं नाही. उलट सगळ्यांनी माना डोलावल्या. "शाबास! अशी जरब पाहिजे," म्हणाले. आग लागो त्यांच्या शाबासकीला! एकाच्याही तोंडून निघालं नाही, की अरे, ती रेडकाचं काय म्हणत होती ते तरी ऐक.

मग ते रोजचंच झालं. उशिरा उठली, घाल लोढणं. उलट बोलली, घाल लोढणं. मनानं काही केलं, मग तर त्याहून जड. पोरीच्या गुडघ्यांवर वळ उठले आणि हळूहळू तिचं बोलणं बंद झालं. काठी कोपऱ्यात पडली. ऊठ म्हटलं की उठायची, जेव म्हटलं की जेवायची. मग गवळ्यानं लोढणं उतरवलं आणि पाहुण्यांना कौतुकानं दाखवलं, "बघा, कशी सुतासारखी सरळ झाली!"

त्याच्या गोठ्यात भुरी नावाची एक म्हातारी म्हैस होती. तिला राहवेना.

"मालक," भुरी म्हणाली, "माझ्याही गळ्यात तुम्ही लोढणं घातलं होतं. मी पळायची थांबले ते गुडघे दुखायचे म्हणून. त्यानं मला शहाणपण आलं नाही. पोरगी सुधारली नाही हो, विझली. अजून वेळ आहे, तिच्याशी बोला."

"तुझी अक्कल तुझ्यापाशी ठेव," गवळी म्हणाला. "दूध दे आणि गप राहा."

एके दिवशी त्यानं काठावरूनच ओरडून लेकीला बेटावरच्या खडकापाशी उभं केलं. "मी हाक मारेपर्यंत इथून हलायचं नाही." आणि तो दूध घालायला गेला.

वर डोंगरात कुठंतरी पाऊस कोसळला होता. नदी गढूळ झाली, मग फुगायला लागली. म्हशींनी ओळखलं आणि त्या भराभर पोहून काठाला लागल्या. एकटी भुरी मागे राहिली.

"चल पोरी, पाणी चढतंय."

"आबांनी हाक मारली नाही अजून."

"अगं, बुडशील!"

"हलले तर आबा रागावतील."

पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं तेव्हा गवळी धावत काठावर आला. "ये गं! लवकर ये!" तो बोंब मारून म्हणाला.

पोर लगेच पुढे झाली. "आले आबा! कुठून येऊ?"

गवळ्याला काय ठाऊक! "अगं, रोज तूच येतेस ना? तुला माहीत आहे!"

"तुम्ही सांगाल तिथून येते."

पाणी गुडघ्यापर्यंत आलं. घाबरलेल्या बापानं हात लांब केला. "इथून ये, सरळ! माझ्याकडे!"

पोर सरळ चालू लागली. चार पावलं टाकली आणि दिसेनाशी झाली.

भुरीनं मागचापुढचा विचार केला नाही. तिनं पाण्यात अंग झोकून दिलं. बुडत्या पोरीच्या हाताला तिचं शिंग लागलं आणि पोरीनं ते घट्ट धरलं. दोघी वाहत वाहत खूप खाली जाऊन काठाला लागल्या.

गवळी धावत आला आणि पोरीला पोटाशी धरून हमसून हमसून रडू लागला. "मला काय माहीत गं, तिथं डोह आहे ते! तुला तरी ठाऊक होतं का?"

"होतं," पोर म्हणाली.

"होतं? मग उतरलीस कशाला?"

पोरीनं बापाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता, काहीच नव्हतं.

"तुम्ही सांगितलंत ना, आबा."

त्या दिवसापासून गवळी रोज सकाळी लेकीजवळ बसतो आणि मऊ आवाजात विचारतो, "बाय, आज तुला काय करावंसं वाटतं?" आणि पोर त्याचं तोंड न्याहाळत बसते, बापाला कोणतं उत्तर आवडेल ते शोधत. बरीच वर्षं विचारावं लागेल त्याला. विचार म्हणावं!

बोध: हट्टी लेकराचं मन आधी ऐकून घ्या, धाकानं ते मन मोडलंत, तर तुमच्या चुकीच्या शब्दावरही ते मुकाट्यानं बुडायला जाईल.