फळ्यावरचा पासवर्ड

मुख्याध्यापक धोंगडेसरांना कुणीतरी सांगितलं, की इंटरनेटवर मुलांना धोका असतो. सरांना साधा मेल उघडायला शिपाई लागतो, पण उपाय मात्र त्यांना एकट्याला सुचतात. भर पालकसभेत मुलांना उभं करून त्यांनी हुकूम सोडला, "प्रत्येकाने आपला पासवर्ड फळ्यावर लिहायचा. म्हणजे सगळ्यांचं लक्ष राहील. जो लिहिणार नाही, तो परीक्षेला बसणार नाही."

पालकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना कुठे अक्कल लागते?

पहिला नंबर आठवीतल्या शर्वाणी बनसोडेचा आला. पासवर्ड फळ्यावर गेला, की मागच्या बाकावरची टोळी संध्याकाळपर्यंत तिचे फोटो गावभर फिरवणार होती. तिने खडू उचलला.

"लिहिते सर. पण आधीच माफी मागते. तुमच्या माघारी पोरं तुम्हाला ज्या नावाने चिडवतात, तेच माझा पासवर्ड आहे."

सगळे शिक्षक एकदम खाली बघायला लागले. कुणाचा तरी बाप मागून म्हणाला, "लिही की गं, बघू तरी."

सरांनी झडप घालून खडू हिसकावला. "पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो, एवढंही कळत नाही?"

"कळतं सर," शर्वाणी म्हणाली, "फक्त कुणीतरी मोठ्या माणसाने म्हणायला हवं होतं."