सालोमीबाईंनी शब्द मागे घेतला

ख्रिस्ताचे सेवक शमुवेलबाबा एका उन्हाळ्यात प्रवरेकाठच्या देवखडी गावी उतरले होते. चर्चच्या पडवीत घोंगडी टाकून बसत, येईल त्याला जवळ घेत.

गावातला शांतवन दारूपायी बदनाम. बाबांपाशी रडून त्याने पापाची कबुली दिली. पण दिवस कलला की पाय आपोआप भट्टीची वाट धरत. बाबा म्हणाले, “लेकरा, जिथं भान येईल तिथंच थांब. प्रभूला हाक मार आणि मागं फिर. पुन्हा वळलास, तर पुन्हा फिर.” मग काय, भर रस्त्यात “प्रभो, मला फिरव!” असं ओरडून शांतवन माघारी पळे.

गावातल्या सालोमीबाईंना हे पाहून हसू आवरेना. घर मोठं, तोंड त्याहून मोठं! “काय रे, देव बहिरा झालाय का? सारखं फिरायला तू काय भोवरा आहेस? मी जन्मात शब्द मागं घेतला नाही!” खरंच होतं ते. त्या ताठ्यापायी सख्खी बहीण तुटली, तरी मान वाकली नाही.

एके दुपारी बाईंनी अंगणातलं ज्वारीचं पेव, जमिनीत खोल खणलेलं कोठार, उघडलं आणि सुनेला फर्मावलं, “रूथ, उतर आत.”

“आत्याबाई, आधी वाफ जाऊ द्या. कोंडलेली हवा जीव घेते.”

“मला शिकवतेस? उतर म्हटलं ना!”

रूथ उतरली. मग आतून आवाजच येईना. बाई वाकून पाहतात, तो पोर ज्वारीवर आडवी! गडी धावले, पण त्या वाफेत उतरणार कोण? ओरड ऐकून बाबा आले, मागोमाग शांतवन. त्याने कमरेला दोर बांधायला घेतला.

“बाबा, प्रार्थना करा हो!” बाई ओरडल्या.

“करतोच आहे, आई. पण तुमच्या मनात जे आहे, ते तुम्हीच प्रभूला सांगा.”

बाई मातीत गुडघे टेकून बसल्या. “प्रभो… चुकले मी. पोर खरं सांगत होती. माझा शब्द मी मागं घेते. तिला वाचव!”

झाडाचं पान हलत नव्हतं अशी ती दुपार. तोच नदीकडून गार वारा उठला आणि थेट पेवाच्या तोंडात शिरला! आतली कुबट वाफ भसकन वर आली. शांतवन उतरला आणि रूथला खांद्यावर घेऊन वर आला. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. धन्य तो दयाळू प्रभू!

बाई बाबांच्या पायांकडे धावल्या. बाबा मागे सरले. “माझे नकोत, आई.”

बाईंनी शांतवनला हात जोडले आणि वळून सुनेच्या पायांवर डोकं टेकलं.

“आत्याबाई, हे काय भलतंच!”

“गप्प बस!” बाई खेकसल्या आणि लगेच जीभ चावली. “नाही गं… बोल तू. मी ऐकते.”