अमावास्येची गाडी

“मानत नाही म्हणता ना, पावणं? मग लपवली कुणापास्नं?”

सोमगिरीबुवांनी एवढंच विचारलं आणि अडकित्ता हातात घेऊन सुपारी कातरायला लागले.

महारुद्र इंगवल्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

इस्लामपुरात त्याचं फरशीचं दुकान. गिऱ्हाइकानं एक बोलावं तर यानं सात बोलावं, असा लौकिक. आणि आज कोरेवाडीच्या मठात, सासुरवाडीच्या देखत, गड्याला शब्द सापडेना.

मागे पायरीवर त्याची बायको कल्याणी. तिच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ. शेजारी सासरे, आण्णा, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. आणि समोर चिंचेखाली गाडी. पांढरी, नवीकोरी. उन्हात अशी चमकत होती, जणू तिनं काही केलंच नाही.

तिनं केलंही नव्हतं म्हणा.

झालं होतं असं. महारुद्र बायकोला आणि बाळाला घरी न्यायला आला होता. जेवण व्हायचं, ओटी भरायची आणि ऊन उतरायच्या आत निघायचं, असा बेत. पण पानावर बसल्या बसल्या मेहुणा बोलून गेला, “दाजी, मी पण गाडी घेतोय. तुमच्यासारखीच, येत्या दसऱ्याच्या मुहूर्तावर.”

आता पैसे वाचवणाऱ्या माणसाला दोन सुखं असतात. एक वाचवल्याचं, दुसरं सांगितल्याचं. पहिलं सुख महारुद्रानं चार महिने गुपचूप चघळलं होतं. दुसरं त्या दिवशी पुरणपोळीबरोबर वर आलं.

“दसऱ्याला? येडा का खुळा तू! दसऱ्याला शोरूमवाला बघत पण नाही तुझ्याकडं. पितृपंधरवड्यात जायचं. कुत्रं फिरकत नाही तिथं. त्यातनं सर्वपित्री अमावास्या गाठायची. मी गेलो तर आख्ख्या शोरूमात गिऱ्हाईक मी एकटा! मॅनेजर स्वतः चहा घेऊन आला. विमा बाहेरनं काढला. सीटकव्हर, मॅट बाहेरनं घेतले. ते हँडलिंग का काय लावतात, ते खोडायला लावलं. ऐंशी हजार वाचवले मी, ऐंशी!”

पंगत गार पडली. आण्णांचा घास हातातच राहिला.

कल्याणी तूप वाढत होती. ती म्हणाली, “दसऱ्याला मी फोनला ओवाळलं.”

एवढंच. मग तुपाची वाटी खाली ठेवली, पाळण्यातनं बाळाला उचललं आणि म्हणाली, “या गाडीत मी बसणार नाही.”

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. अमावास्येची गाडी, त्यात कवळं लेकरू कसं घालायचं! आण्णा म्हणाले, बुवा सांगतील ते खरं. त्यांनी नको म्हटलं तर पोरगी इथंच राहील.

आणि वरात मठाकडं निघाली. पुढं बाळाला घेऊन कल्याणी, पायी. तिच्यामागं आण्णा, पायी. आणि त्यांच्यामागं पहिल्या गिअरात महारुद्र, एकटाच, एसी लावून.

“सांगा की,” बुवा म्हणाले.

“लपवली म्हणजे... आमच्या आईला वाईट वाटू नये म्हणून. ती मानते.”

“आणि?”

“आण्णा मानतात.”

“आणि?”

“लोकं मानतात, बुवा! मी नाही मानत. त्या पंधरवड्यात माझ्या दुकानात माशा बसतात. मीच भाव पाडून माल देतो. म्हटलं, लोकांच्या भीतीपायी आपण दरसाल नुकसान सोसतो, एकदा फायदा घेऊन बघू. भीती त्यांची, पैसे आपले. यात चुकलं काय?”

“काय नाय चुकलं.”

महारुद्राचा जीव भांड्यात पडला.

“अमावास्या ते दसरा,” बुवा म्हणाले, “गाडी ठेवली कुठं?”

“...गोदामात.”

“उघडी?”

“ताडपत्री घातली होती.”

“फरशीच्या गोदामात, अंधारात, ताडपत्रीखाली,” बुवांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. “न मानणाऱ्याची गाडी.”

आण्णांनी खाकरून दुसरीकडं पाहिलं. महारुद्राची कानशिलं तापली. मागे कल्याणी काही बोलेल, निदान हुंकार तरी देईल, म्हणून त्यानं कान टवकारले... ती बाळाच्या टोपड्याचा बंद बांधत होती. बांधून झाला. सोडला. पुन्हा बांधला.

तिच्या या गप्प बसण्यापेक्षा भांडण परवडतं, हे कुठल्याही लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको. ज्यांचं झालं नाही त्यांनी विचारून घ्यावं.

बुवा उठले. गाडीभोवती एक फेरी मारली. टायरला बोट लावलं, बॉनेटवर थाप दिली.

“आम्ही घेतो ही.”

“काय?”

“मठाला लागतीया एक. निम्म्या भावात द्या.”

“निम्म्या? बुवा, नवी आहे! अजून पहिलं सर्व्हिसिंग व्हायचंय!”

“अमावास्येची हाय.”

“म्हणजे तुम्ही पण मानता?”

“मी नाय मानत. तुम्ही नाय मानत. पर बायकू बसंना. आईला कळलं की आई बसायची नाय. सांजच्यापत्तूर चार गावांत बोभाटा.” बुवांनी हात पसरले. “गिऱ्हाईक कोण उरलंय तुम्हाला? आख्ख्या शोरूमात मी एकटा.”

आण्णांना जोराचा ठसका लागला. टोपी तोंडावर धरून ते बराच वेळ खोकत होते. जावयापुढं हसायची रीत नाही.

महारुद्राला मात्र हसू येत नव्हतं. दिवस चिंचेच्या शेंड्यावरनं खाली सरकत होता. आज ही आली नाही तर रिकामी गाडी घेऊन घरी जायचं. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी असणार. तिला काय सांगायचं? आणि आज आली नाही तर उद्या कशावरनं येईल?

“बुवा, चेष्टा नको.” त्याचा आवाज उतरला. “यांना एक शब्द सांगा. दोष नाही म्हणून. नाहीतर एखादी शांत करू. तुम्ही म्हणाल ती करू.”

बुवा चिंचेकडं बघायला लागले.

“...साधारण किती खर्च येतो?”

बुवांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं नजर खाली घातली.

“चला,” ते म्हणाले. “नदीपत्तूर चक्कर मारू. गाडीत काय हाय ते गाडीतच कळंल.”

“आणि मग सांगाल त्यांना?”

“मी कशाला सांगू? गाडी तुमची.”

बुवा पुढच्या सीटवर मांडी घालून बसले. महारुद्रानं पट्टा लावला. चावी फिरवली.

“काच खाली घ्या.”

“एसी लावलाय, बुवा.”

“वारं बी फुकट हाय. घ्या खाली.”

चारी काचा खाली गेल्या. त्यानं गिअर टाकला, आणि...

थप्.

बॉनेटवर कावळा येऊन बसला.

तसं यात नवल काही नव्हतं. मठाच्या खालीच नदीचा घाट, पंचक्रोशीतले दहावे तिथंच होतात. पिंडाचा भात खाऊन खाऊन तिथले कावळे तलाठ्यासारखे सुटलेले. माणसाला भीत नाहीत, गाडीला काय भिणार!

महारुद्रानं हॉर्न दिला. कावळ्यानं मान तिरकी केली.

त्यानं वायपर चालू केले. कावळा एक पाऊल सरकला आणि काचेतनं आत बघायला लागला. सरळ. त्याच्याकडंच.

“काढा की पुढं,” बुवा म्हणाले.

महारुद्राचा पाय क्लचवरनं उठेना.

वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता. आईनं काय काय कबूल केलं, तरी शिवेना. उन्हं डोक्यावर आली, दुकान बंद होतं, माल उतरायचा होता. महारुद्रच म्हणाला होता, दर्भाचा कावळा करा आणि उरका. गवताचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं आंघोळीला गेली. आणि गेल्या सर्वपित्रीला आई गच्चीवर वडिलांचं पान ठेवून ‘काव काव’ करत होती, तेव्हा हा शोरूममध्ये मॅनेजरचा चहा पीत होता.

“तुम्ही मानत नाही ना?” बुवा पुढं बघत म्हणाले.

“नाही.”

“मग घाम का आला?”

“...जात का नाही हा?”

“काहीतरी राहिलं आसंल. कबूल करून बघा. घाटावर करत्यात तसं.”

महारुद्रानं ओठ ओले केले. चोरासारखं इकडंतिकडं पाहिलं. मग खिडकीतनं डोकं बाहेर काढून हळूच म्हणाला, “पुढच्या सर्वपित्रीला पान मी स्वतः वाढीन.”

कावळा हलला नाही.

“पाच माणसं जेवायला घालीन.”

नाही.

“मठाला फरशी घालून देतो.”

“शेणाची हाय आमची. झ्याक हाय,” बुवा म्हणाले.

“दहा माणसं!”

कावळ्यानं चोच बॉनेटवर घासली. नव्या रंगावर. कर्रर्र. एरवी महारुद्र दगड घेऊन धावला असता. आत्ता त्यानं हॉर्नवरचा हात तेवढा काढून घेतला.

“दादा...” तो म्हणाला. वडिलांना तो दादा म्हणायचा. “दादा, चुकलं. अमावास्येला घेतली मी गाडी. दसऱ्याला नाही. सगळ्यांना खोटं सांगितलं.”

कावळा ऐकत होता. निदान दिसत तरी तसंच होतं.

“दसऱ्याला ताडपत्री काढली. पुसली. आपणच हार घातला, आपणच पेढे वाटले. आणि हिला फोन लावला. हिचे दिवस भरलेले. उभं राहवत नव्हतं हिला. मी म्हटलं, बघ, आत्ताच शोरूममधनं बाहेर काढली, अजून कुणी बसलं नाही. ही पाटावर फोन उभा करून... निरांजन घेऊन...”

त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

“मी तिकडं फोन असा धरला होता, दादा, की चाकाचा चिखल दिसू नये. आदल्या रात्री कोल्हापूरला जाऊन आलो होतो. आणि ही म्हणाली, थांबा, फोन हलवू नका, गाडीला नीट ओवाळू दे. वात दोनदा विझली. दोनदा लावली तिनं. मला हसू येत होतं. खरंच सांगतो, हसू येत होतं, की कसं जमवलं आपण. ऐंशी हजारही वाचले आणि मुहूर्तही मिळाला. फुकटात.”

बुवांनी डोळे मिटले होते.

“ती मघाशी म्हणाली, फोनला ओवाळलं. मला ऐकूच आलं नाही ते. मी अमावास्येचंच डोक्यात धरून बसलो. ती काय अमावास्येला भिणारी आहे होय! अमावास्येलाच जन्मलीय ती.”

गाडी मागनं जराशी दबली.

महारुद्रानं स्टिअरिंग घट्ट धरलं. दादाच बसले, त्याच्या मनात आलं. तीस वर्षं फरशी वाहिलेले दादा, जड माणूस. मागं बघायचा धीर होईना. डोळे समोर कावळ्यावर लावून त्यानं हात जोडले.

“दादा, रागावू नका. तिनं ओरडायला पाहिजे होतं, तर ती गप्प आहे. तिला इथंच राहायचं असेल तर राहू दे. मी रोज येतो. एसटीनं येतो. पण यापुढं तिला खोटं दाखवून ओवाळायला लावणार नाही. कुणालाच नाही. आता तरी जा, दादा. आता माझ्याकडं द्यायला काही नाही.”

वारा पडला होता. चिंचेचं पान हलत नव्हतं.

मागच्या सीटवर कुणीतरी शिंकलं.

बारीक, मुठीएवढी शिंक.

कावळा उडाला.

महारुद्रानं आरशात पाहिलं. मागं कल्याणी बसली होती. दार लावलेलं, पिशवी पायाशी, बाळ पदराखाली. खिडकीतनं नदीकडं बघत होती. ओठ घट्ट मिटलेले. हसू दाबायला की रडू, ते एवढ्याशा आरशात कळेना.

“ही... ही कधी येऊन बसली?”

बुवा आपल्या बाजूचं दार उघडून उतरत होते. एक पाय जमिनीवर टेकवून त्यांनी चप्पल शोधली, पायात सरकवली.

“तुम्ही कावळ्याशी बोलत होता तवा.”