भंतेजींच्या खोलीची हवा

“मग यातलं इथल्या हवेचं कोणतं?” भंते सुमनतिस्सांनी विचारलं.

चटईवर चार चित्रं मांडलेली होती. हवा गाळणाऱ्या चार यंत्रांची. उत्पला निमगडेनं क्षणभरही न थांबता सगळ्यात देखण्या यंत्रावर बोट ठेवलं.

चार महिन्यांपूर्वी ती स्वीडनहून हवेचं शास्त्र शिकून परतली होती, आणि आल्यापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. काय करू आणि काय नको, असं तिला झालं होतं. याच विहारात, याच चटईवर सहाव्या वर्षी तिनं वंदना पाठ केली होती. तेव्हा भंते अख्खी गाथा एका दमात म्हणत. आता तिसऱ्या ओळीला थांबत, छातीवर हात ठेवत, आणि पुढचं समोरचे लोक म्हणून घेत.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. भंतेजींच्या खोलीतली हवा सुधारा, नाहीतर खाणीच्या कडेची ही वस्ती सोडून त्यांना डोंगराकडच्या एखाद्या विहारात पाठवा. वर्षावासाचे तीन महिने भिक्खूला जागा सोडता येत नाही. ते संपायला दहा दिवस उरले होते.

दहा दिवसांत उत्पलाला यंत्र निवडायचं होतं.

ती भडाभडा बोलत सुटली. हे यंत्र बारीकातला बारीक कण पकडतं, तिच्या प्राध्यापकांच्या यादीत ते पहिलं आहे, शिवाय इथल्या हवेचे वर्षभराचे आकडे तिनं उतरवून काढलेत आणि त्यांना हेच बसतं.

“आकडे कुठले?”

“शहरातल्या मोजणी केंद्राचे, भंतेजी.”

“इथून किती लांब?”

“अठरा किलोमीटर.”

भंते हसले. “एवढा लांब श्वास मला तरुणपणीही घेता आला नाही.”

दारात बसलेल्या कौसल्याबाई रंगारी फिसकन हसल्या. त्यांचं घर विहाराच्या अंगणापलीकडे, अगदी समोर. त्यांचे यजमान दयाराम तीस वर्षं खाणीत उतरले होते. आता दाराशी बाजेवर पडून असत. बाई मात्र रोज संध्याकाळी पांढरंशुभ्र लुगडं नेसून वंदनेला येत, आणि या वस्तीत तेवढं पांढरं लुगडं राखणं म्हणजे खायचं काम नव्हतं.

भंतेंनी त्या लुगड्याकडे पाहिलं.

“बाईंचं एक लुगडं धुऊन वाळव. पांढरं आण. मग निवड.”

उत्पलाला वाटलं, आपली थट्टा चालली आहे.

“तिले काय येते लुगडं धुवाले?” कौसल्याबाई म्हणाल्या. “तिकडे मशीन धुते ना माय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्पलानं लुगडं घासून धुतलं आणि विहाराच्या गच्चीवर, कडक उन्हात तारेवर घातलं. दोन तासांनी वर जाऊन पाहते तर लुगड्यावर मोहरी सांडावी तसे काळे ठिपके. तिनं हातानं झटकले, तर प्रत्येक ठिपक्याची बोटभर रेघ झाली.

कौसल्याबाईंनी खालूनच ओळखलं. समोरच्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक सुरू असताना गच्चीवर कपडे घालणारी ही कोण शहाणी, असं त्यांनी चार बायांदेखत विचारलं. मग त्यांनाच दया आली. एकला ड्रायव्हर जेवायला थांबतात, तीनपर्यंत रस्ता निजतो. बाराला धू, मागच्या बाजूला घाल, तीनच्या आत उचल. हे वस्तीतल्या एकूण एक बाईला ठाऊक होतं. अठरा किलोमीटरवरच्या केंद्राला नव्हतं.

उत्पलानं ते भराभर वहीत लिहून घेतलं. कोणत्या दिशेनं, किती वाजता, किती जाड धूळ... सगळं इथंच तारेवर लिहिलेलं होतं आणि ती दूरच्या आकड्यांवर विसंबली होती.

तिसऱ्या दिवशी लुगडं पांढरं वाळलं. संध्याकाळी ती घडी छातीशी धरून जवळजवळ धावतच भंतेंच्या खोलीत आली.

“पांढरं, भंतेजी. ट्रकांची वेळ टाळली की झालं. मागची, उत्तरेची खिडकी दुपारी उघडायची, पुढची बंद. कदाचित यंत्रसुद्धा लागणार नाही.”

भंतेंनी घडी उलटीसुलटी पाहिली. मान डोलावली. आणि मग त्यांना खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना.

“लुगडं पांढरं आहे,” दम खात ते म्हणाले. “मग मी खोकतो कशानं?”

उत्पला उठून खिडकीशी गेली.

...

बाहेर दिवस मावळत होता. घरोघरी दारात सिगड्या पेटत होत्या, दगडी कोळशाच्या. तिला एकदम आठवलं आणि तिनं खिशातलं, हवेतले बारीक कण मोजायचं छोटं मापक काढून खिडकीत ठेवलं. साठ. थोड्या वेळानं एकशे चाळीस. मग दोनशे दहा, मग तीनशेच्या वर. तिनं लुगडं झटकन उलगडून खिडकीत धरलं. धूर त्यातून आत येत होता आणि लुगडं होतं तसंच पांढरं होतं.

“पडतं ते लुगड्याला कळतं,” ती हळूच म्हणाली. “तरंगतं ते मापकाला.”

 भंतेंचे डोळे लकाकले, आणि ते पाहून उत्पलाला सहाव्या वर्षी पहिली गाथा न चुकता म्हटल्यावर झालं होतं तसं झालं.

आता तिला धीर धरवेना. तिनं चारही चित्रं पुन्हा मांडली आणि देखणं यंत्र स्वतःच बाजूला सारलं. त्याला बाहेरची जाळीच नव्हती. ट्रकांची भरड धूळ त्याच्या नाजूक गाळणीत आठवड्यात गच्च बसली असती. परदेशात ते पहिलं होतं, कारण तिथं दारावरून कोळशाचे ट्रक जात नव्हते. इथं हवं ते तिसरं. बाहेर धुता येणारी जाळी, भरड धुळीसाठी. आत दाट गाळणी, सिगडीच्या धुरासाठी. तिच्यामागे वास शोषणारा कोळशाच्या भुकटीचा थर.

“कोळशाला कोळसाच,” भंते म्हणाले. “जाळी कधी धुवायची?”

“आठवड्यानं, भंतेजी.”

एव्हाना कौसल्याबाई लुगडं न्यायला आल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी निर्णय दिला की जाळी त्या धुतील. या पोरीच्या हातचं धुणं त्यांनी पाहिलं आहे. लुगडं काखेत मारून, भात सिगडीवर आहे म्हणत त्या परतल्या.

उत्पलानं वही मिटली. “यंत्र चार दिवसांत येईल. तुम्हाला कुठंच जावं लागणार नाही.”

भंतेंनी खिडकीबाहेर पाहिलं.

“राहीन,” ते म्हणाले. “खोली नीट मोजलीस तर.”

“मोजली ना. दहा बाय बारा. खोलीच्या मापावरच यंत्राची ताकद ठरते, ते मी पहिल्याच दिवशी...”

“फीत दे.”

तिनं मोजायची फीत चटईवर ठेवली. भंतेंनी ती उचलली आणि टोक तिच्यापुढे सरकवलं.

“मागच्या भिंतीला धर.”

ती टोक भिंतीला दाबून उभी राहिली. फितीची डबी हातात घेऊन भंते दाराकडे चालू लागले. फीत सरसरत सुटत गेली.

“बारा,” भंते उंबरठ्याशी पोचताच ती म्हणाली.

भंते थांबले नाहीत.

बाहेरच्या सभागृहात वंदनेसाठी बाया जमल्या होत्या. कुणाच्या मांडीवर लेकरू, कुणाच्या तोंडाला पदर. इकडून एक खोकला, तिकडून एक. फीत त्यांच्या डोक्यांवरून निघाली तशा त्या खाली वाकल्या, आणि एकीनं विचारलं, म्हातारपणी भंतेजी आता घर बांधता का? सगळ्या हसल्या. भंतेही हसले. मध्येच दम घ्यायला थांबले. पुन्हा निघाले.

खोलीच्या दारातून उत्पलाला ती पिवळी रेघ दिसत होती. वीस फूट. तीस. चाळीस. रेघेच्या दुसऱ्या टोकाला भंतेंचं चीवर, त्याच्यापुढे उघडं दार, दाराबाहेर धुरानं भरलेलं अंगण. पलीकडे कौसल्याबाईंची सिगडी लाल झाली होती, आणि तिच्या शेजारी बाजेवर दयाराम खोकत होते.

भंतेंनी एक पाय पायरीवर टाकला.

फितीला हिसका बसला. उत्पलाच्या बोटांतलं टोक निसटता निसटता राहिलं. तिनं ते भिंतीला आणखी घट्ट दाबलं.

“फीत संपली, भंतेजी.”

ते पायरीवर तसेच उभे राहिले. पाठमोरे, दयारामांच्या बाजेकडे पाहत.

“मग तुझं टोक सोड,” ते म्हणाले, “आणि ये.”