दुसरा पेला

एकदा एका डोंगराळ खोऱ्यात, जिथे द्राक्षांपासून लाल वाइन करीत, एक वृद्ध चवपारखी राहत असे. दरवर्षी शहरातून एक व्यापारी तिथे येई. कोणाची वाइन घ्यायची हे तो स्वतः ठरवीत नसे. वृद्धाने पेला नाकाशी न्यावा, एक घोट तोंडात घोळवून थुंकून टाकावा आणि दोन शब्द बोलावेत. त्या दोन शब्दांवर सौदा होई.

त्या वर्षी वृद्धाला सर्दी झाली. नाक बंद असले की जिभेलाही काही कळत नाही. म्हणून त्याने आपल्या शिष्येला पाठवले. ती सहा वर्षे त्याच्याकडे शिकत होती. चव तिला अचूक कळे. पण चारचौघांत बोलायची वेळ आली की तिची नजर जमिनीला खिळे.

व्यापाऱ्याला त्या वर्षी एकाच मळ्याची वाइन हवी होती, आणि समोर दोनच मळे होते. रावसाहेबांची वाइन ओकच्या लाकडी पिंपात दोन वर्षे मुरलेली होती: दाट, काळसर, किंचित धुरकट वासाची. द्वारकाबाईंची वाइन पिंपात न मुरवता त्याच वर्षी बाटलीत भरलेली, पातळ आणि इतकी नितळ लाल की पेल्याआडची बोटे दिसत. द्वारकाबाईंना नवरा नव्हता. या वर्षी वाइन गेली नाही तर वेल तोडून तिथे कांदा लावायचा, असे त्यांच्या दिरांनी ठरवून टाकले होते. हे सगळ्या खोऱ्याला माहीत होते.

पारखीचा नियम साधा होता. हलकी वाइन आधी, भारी नंतर; आणि मध्ये कोरड्या भाकरीचा तुकडा, पाणी व थोडा वेळ.

पण शिष्या चाखणीच्या मांडवात पोचताच रावसाहेबांनी भरलेला पेला तिच्या हातात दिला.

“घ्या ताई, मुहूर्त आमच्यापासून करा. द्वारकावहिनी काही पळून जात नाहीत.”

लोक हसले. व्यापारी म्हणाला, “हो हो, आटपा. ऊन चढतंय.”

‘थांबा’ एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तिने तो मनात दोनदा म्हटला. मग तिने पेला तोंडाला लावला. भारी वाइनने तिचे तोंड भरून गेले. तेवढ्यात कोणीतरी दुसरा पेला पुढे केला, आणि तिने तोही लगेच चाखला.

“काय म्हणता?” व्यापाऱ्याने विचारले.

“पहिली भरदार आहे,” ती खाली पाहत म्हणाली. “दुसरी... पाणचट लागते.”

द्वारकाबाईंनी आपल्या बाटलीला बूच लावले, ती पदराखाली घेतली आणि त्या निघून गेल्या.

घरी आल्यावर वृद्धाने विचारले, “आधी कोणती चाखलीस?”

तिने सांगितले. वृद्धाने डोळे मिटून घेतले. तेव्हा कुठे तिला आपण काय केले ते कळले. “मी आत्ता जाते गुरुजी. शेठ उद्या दुपारपर्यंत आहेत. माझं चुकलं म्हणून सांगते.”

“उद्या,” वृद्ध म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला ओसरीवर बसवले. चहा नाही, न्याहारी नाही. पाणी मात्र मागेल तेव्हा. सूर्य वर आला. ती चुळबुळत म्हणाली, “गुरुजी, वेळ जातोय!”

“जाऊ दे.”

“तिकडे शेठ निघून जातील.”

“बैस.”

तिला रडू आले. आपल्याला शिक्षा होते आहे आणि तिची किंमत द्वारकाबाई मोजताहेत, असे तिला वाटले. दुपार झाली तेव्हा वृद्धाने भाकरीचा एक तुकडा दिला आणि तो खाऊन झाल्यावर एक पेला पुढे ठेवला.

“द्वारकाबाई दरसाल एक बाटली मला पाठवतात. ही त्यांची यंदाची वाइन. चाख.”

“पण ही मी काल चाखली आहे.”

“नाही. ही तू अजून चाखलेली नाहीस.”

तिने घोट घेतला. मग पेला उजेडात धरून तिने आणखी एक घोट घेतला.

वृद्ध म्हणाला, “काल तुझ्या तोंडात दुसरा पेला गेलाच नव्हता, पोरी. पहिल्याचं जे उरलं होतं, तेच तू पुन्हा चाखलंस आणि ते कमी पडलं म्हणून दुसऱ्याला बोल लावलास. मोठा आवाज ऐकून आलेल्याला हळू बोलणारा मुका वाटतो. आणि सकाळीच धावली असतीस, तर घाबरून बोलली असतीस. ‘चांगली आहे हो’ म्हणाली असतीस. ती दया झाली असती. त्या बाईंना दया नको आहे, त्यांना आपण खरी पारख देणं लागतो. आता जा.”

ती धावत गेली. व्यापारी गाडीत बसत होता. तिने त्याच्याकडे सरळ पाहिले आणि सगळे सांगितले: उलटा क्रम, उतावळा घोट, आपली चूक. ऐकून व्यापारी रागावला नाही, हसला.

“काल म्हणालीस पाणचट, आज म्हणतेस उत्तम. उद्या काय म्हणशील? पोरी, लोक माझ्याकडून म्हाताऱ्याच्या शब्दावर वाइन घेतात. तो शब्द रोज बदलायला लागला तर मी विकू काय?”

गाडी गेली. व्यापारी चुकीचे बोलला असेही तिला म्हणता येईना.

ती तशीच मळ्यावर गेली. दिरांनी माणसे आणली होती, पण पहिली ओळ मीच तोडणार, असे सांगून द्वारकाबाईंनी त्यांना बांधावर बसवले होते. चार वेल खाली पडले होते. शिष्येने तिथेही सगळे सांगितले, अगदी व्यापाऱ्याचे उत्तरसुद्धा.

द्वारकाबाईंनी कोयता खाली ठेवला नाही. “मग आता इथे कशाला आलीस?” त्यांनी विचारले.

“तुम्हाला सांगायला.”

“सांग की मग. काय लागलं तुला तिच्यात?”

शिष्या सांगू लागली. आधी करवंदासारखा आंबटपणा, तोही लाजत आलेला. मग जांभूळ. मग थोडी तुरट साल, आणि सगळे गेल्यावर मागे राहणारा, नुकतेच पाणी सोडलेल्या वाफ्याचा वास. ती खाली न पाहता बोलत होती.

“खरं सांगतेस? मला बरं वाटावं म्हणून नाही ना?”

“नाही. अर्धा दिवस उपाशी बसून चाखली आहे.”

द्वारकाबाई त्या ओळीकडे पाहत राहिल्या. “वाफ्याचा वास,” त्या हळूच म्हणाल्या. “मलाही तोच यायचा. कालपासून वाटत होतं, अकरा वर्षं मी माझ्याच मनाचं चाखत होते की काय.”

मग त्यांनी पाचव्या वेलाला हात घातला. “आता निदान काय तोडतेय ते ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या.

शिष्या परत फिरली नाही. ती खाली वाकली आणि तोडलेल्या फांद्या एकेक करून गोळा करू लागली.