तुंबाभर दक्षिणा

"बाबा, माझंच सोनं तुम्हाला का चालत नाही?"

फिरतूने पळसाच्या पानावरचा हरभऱ्याएवढा सोन्याचा मणी पुन्हा पुढे सरकवला. सुकलबाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

फिरतूला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. बाप गेल्यावर याच म्हाताऱ्याने त्याला पोटाशी धरलं होतं. नदीची वाळू लाकडी पाटीत घोळून सोन्याचे कण कसे काढायचे, ते हाताला धरून शिकवलं होतं. पुढे बाबा गोसावी झाले आणि नदीकाठच्या झोपडीत राहू लागले. आपण आज आहोत ते यांच्यामुळे, असं फिरतू गावभर सांगायचा. आज तो उपकारांची जाण ठेवून दक्षिणा द्यायला आला, तर म्हातारा तोंड फिरवून बसलेला.

मग फिरतूची स्वारी बढाईवर आली. आताशा आपण पारा वापरतो म्हणाला. घमेल्यातल्या वाळूत पारा ओतला की बारीकसारीक कण झाडून त्याला चिकटतात. तुमच्या काळी अर्धं सोनं वाहून जायचं बाबा, असंही बोलून गेला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"घसा सुकलाय," ते म्हणाले. "नदीचं पाणी आण."

भोपळ्याचा तुंबा घेऊन फिरतू निघाला. त्याची वाळू धुवायची जागा अगदी जवळच होती. तिथे तो वाकला, तुंबा पाण्याला टेकवला... आणि थांबला. पाऱ्याची बाटली देताना व्यापाऱ्याने बजावलं होतं, वाळू धुतलेलं पाणी तोंडात जाऊ देऊ नकोस.

गुरूला कसलं पाणी पाजायचं, हे काय कुणी शिकवावं लागतं? तो काठाकाठाने वर गेला. जांभळीच्या पलीकडे कुणीच वाळू धूत नव्हतं. तिथून त्याने तुंबा भरला.

परतताना त्याला आपली बायको दिसली. बिसनीचे दिवस भरत आले होते. त्याच्या धुवायच्या जागेच्या जरा खाली, वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर बसून ती वाटीवाटीने घागर भरत होती. तिने हात हलवला. त्यानेही हलवला.

"उशीर केलास," बाबा म्हणाले.

"वर गेलो होतो."

"जवळ पाणी नव्हतं?"

"होतं... पण ते तुमच्यासाठी नव्हतं, बाबा."

"मग कुणासाठी होतं?"

फिरतूची नजर आपसूक झिऱ्याकडे गेली...

तो धावत सुटला. बिसनीने वाटी ओठाला लावली होती, ती त्याने हिसकावली. भरलेली घागर वाळूत उपडी केली. वेड लागलं का, म्हणून ती करवादली. तिला काय सांगणार? त्याने कमरेची पाऱ्याची बाटली उपसली, तोंडाने बूच काढलं आणि ती नदीत भिरकावायला हात उगारला.

कुणीतरी मनगट धरलं. म्हातारा तुंब्यासकट मागोमाग आला होता. त्याला धाप लागली होती.

"अजून पाजतोसच?" बाबा म्हणाले.

फिरतूचा हात खाली आला. त्याने बूच पुन्हा घट्ट बसवलं. ही ज्याची त्याला परत करीन म्हणाला. माळ्यावरची लाकडी पाटी खाली काढीन म्हणाला. सोनं थोडं मिळेल, हेही आपणच म्हणाला, आणि मग मात्र त्याला रडू आवरेना. बिसनी गोंधळून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडता रडता त्याला हलकंही वाटत होतं. आज बाबांना तहान लागली नसती तर... पुढचा विचार त्याला करवेना. तो तिथेच वाळूत बाबांच्या पाया पडला.

"तुमचे उपकार फेडू तरी कसे, बाबा? सोनं तर तुम्ही घेत नाही."

बाबा खाली बसले. अर्धा तुंबा सावकाश प्यायले, मिशा पुसल्या आणि उरलेलं पाणी त्याच्या हातात दिलं.

"दक्षिणा पोचली," ते बिसनीच्या पोटाकडे बघत म्हणाले. "उरलेली या दोघांना पाज."