ठोके थांबल्यावर

एका गावाच्या तांबट आळीत एक तांबट राहायचा. हातात कसब मोठं, पण दारूपायी सगळ्याचं मातेरं झालेलं. बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले आणि त्यानं दारू सोडली. तीन महिन्यांनी बायको परत आली. येताच म्हणाली, "पुन्हा प्यायलात, तर मी कायमची जाईन."

तांबटानं गुत्त्याची वाट टाकली, पिणारे सोबती टाकले. तरी एका संध्याकाळी भानावर येऊन बघतो, तर स्वारी गुत्त्याच्या दारात उभी. कसा आलो, कुठून आलो, काही आठवेना. घाबरून तो माघारी पळाला. घरी मात्र चकार शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुःख नाही, आनंद नाही, मग ही ओढ येते कुठून? विचार करकरून बिचाऱ्याचं डोकं भणाणलं. एवढंच ध्यानात आलं, की हातोडा खाली ठेवला की पाय चुळबुळतात. इतकी वर्षं काम संपलं की तो थेट गुत्त्यावरच जायचा, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

मग त्यानं ठरवलं, हातोडा ठेवायचाच नाही. तिसऱ्या दिवशी दिवस मावळला तरी ठोके सुरूच. लग्नघरचा मोठा हंडा ठोकून ठोकून कडक झाला आणि त्याला उभी चीर गेली.

बायको धावत बाहेर आली. "अहो, मधूनमधून तापवून मऊ केल्याशिवाय तांबं इतकं ठोकतात का? आज झालंय काय तुम्हाला?"

तांबट गोंधळला. खरं सांगावं तर ही जाईल, लपवावं तर आपण पुन्हा गुत्त्यात जाऊ. शेवटी न राहवून तो म्हणाला, "काम थांबलं की दारू आठवते गं. दोनदा दारापर्यंत गेलो. प्यायलो नाही. पण का जातो, तेच कळत नाही."

बायकोचा चेहरा उतरला. मग तिनं त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला.

"मलाही कळत नाही," ती म्हणाली. "पण उद्या तसं वाटलं, की आधी मला हाक मारा."

दुसऱ्या संध्याकाळी ठोके थांबले. पाय चुळबुळले. "अगं, आलं बघ," त्यानं हाक मारली. पिठानं भरलेले हात घेऊन ती तशीच शेजारी येऊन बसली. मुलीच्या खोड्या सांगत राहिली. हळूहळू ओढ ओसरली.

ही ओढ का येते, हे तांबटाला शेवटपर्यंत उमगलं नाही. बायको मात्र पुन्हा कधी माहेरी राहायला गेली नाही.

तात्पर्य: ओढ का येते हे कळायची वाट बघू नका; ती आली की आपल्या माणसाला लगेच सांगा.